जागा दाखव

प्रिय मुली,

‘मी खोटं बोलले मावशी’ इथून तुझा मेसेज सुरू होतो आणि ‘माझी आवडच कच्ची आहे का?’ इथे संपतो. मधला मजकूर लांबलचक आहे, पण मथितार्थ एवढाच, की आपल्या शनिवारच्या गाणी ऐकण्याच्या बैठकीत ‘सध्या काय ऐकतेस?’ असं विचारल्यावर तू जी डझनभर अल्बमची नावं आहेराची यादी वाचावी तशी वाचलीस, त्यातली बरीचशी तू ऐकलेलीच नाहीत. गेले तीन महिने तू मिलिंद इंगळेंचा ‘गारवा’ आणि जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हे दोनच आलटून पालटून ऐकतेयस. पहिल्याला लोक हसतील आणि दुसऱ्याला ‘हा काय, सगळेच ऐकतात’ म्हणतील, म्हणून बाकीची भरती.

खोटं बोललीस त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. आपल्या बैठकीतले निम्मे लोक तेच करतात, फक्त ते आता सराईत झालेत. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तीन महिने कानाशी असलेले दोन अल्बम तुझ्याजवळ होते आणि त्यांच्याबद्दल तू एक वाक्य बोलली नाहीस. मी मुद्दाम विचारलं, ‘यातलं काय आवडलं? कुठे आवडलं?’ तर तू ‘सगळंच छान आहे’ म्हणून मोकळी झालीस. सगळंच छान कधी नसतं गं.

तेव्हा एकच सांगते, आणि पुढेही तेच तेच सांगणार आहे. जागा दाखव. अल्बमचं नाव सांगून थांबू नकोस, तो किती भारी आहे ते सांगत बसू नकोस. जागा दाखव.

‘काइंड ऑफ ब्लू’चंच घे. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली आहेत, जॅझमधल्या सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांमध्ये तो मोडतो. हे सगळं समोरच्याच्या मोबाइलमध्ये आहे, त्यासाठी तुझी गरज नाही. त्याऐवजी असं सांग: पहिल्या ‘सो व्हॉट’मध्ये सुरुवातीला पियानो आणि बास दोघंच दबक्या आवाजात चाचपडत असतात, ताल असा नसतोच. मग बास ती ओळखीची ओळ वाजवतो आणि तिला दोन स्वरांचं उत्तर मिळतं, आधी पियानोकडून, मग बाकीच्यांकडून. सगळं अर्ध्या सुराने वर सरकतं, परत खाली येतं. आणि दीडेक मिनिटानंतर माइल्सचा ट्रंपेट एकटा पुढे येतो, नेमका त्याच क्षणी ड्रमवरचा जिमी कॉब झांजेवर एक टोला देतो. जरा जोरातच पडलाय तो. पण त्याची आस, म्हणजे मागे उरलेला नाद, विरत जाते ना, तिच्यात माइल्सचे पहिले स्वर भिजून येतात. तो टोला बेताचा पडला असता तर पुढचं सगळं मला इतकं मोकळं वाटलं नसतं.

ही जागा. आता यावर समोरचा म्हणू शकतो, ‘छे, तो टोला मला खटकतो.’ म्हणू दे की! निदान दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताय. ‘दहापैकी नऊ’ यावर कुणी काय बोलायचं? ‘मी साडेआठ देईन’ एवढंच.

आणि हे सगळं तू लोकलमध्ये ऐकतेस. ती दबकी सुरुवात डब्याच्या खडखडाटात तुला आजवर नीट ऐकूच आलेली नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे. आज रात्री घरी ऐक, पंखा बंद करून.

याच अल्बमची एक गंमत तुला सांगून ठेवते. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ तबकडीवर किंचित चढ्या सुरात वाजतात, कारण मुद्रणाच्या वेळी यंत्र थोडं हळू फिरत होतं, आणि तसं मुद्रण नेहमीच्या वेगाने वाजवलं की सूर चढतो. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. तीसहून जास्त वर्षं दुनियेने तो अल्बम डोक्यावर घेतला, त्याची नावं घेतली, याद्या केल्या. सूर खटकला असणार तो ज्यांनी वाद्य हातात घेऊन त्याच्याबरोबर वाजवून बघितलं त्यांना. मला अशा माणसांशी बोलायचं असतं.

हा हट्ट मला कुठून चिकटला तेही सांगते, नाहीतर म्हातारीचं खूळ म्हणून सोडून देशील. लग्नानंतर आम्ही ज्या गावी होतो तिथे तबकड्या ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं. सगळे पुरुष. आमच्या हॉलमध्येही बसायचे. ‘ही इंग्लंडची छपाई’, ‘हा नंबर आता मिळत नाही’, ‘त्या मैफलीला मी पुढच्या रांगेत होतो’, अशी बोलणी. माझ्याकडे चहाचं खातं. एकदा किशोरीताई आमोणकरांची भूप रागाची तबकडी लागली होती. ‘सहेला रे’ संपलं, वाहवा झाली, आणि एक गृहस्थ सुई उचलून तबकडी पाकिटात घालायला लागले. मी दारातून म्हटलं, मागच्या बाजूला बागेश्री आहे, ती का नाही लावत? आणि भूपातसुद्धा तुम्ही सगळे ‘सहेला रे’ची वाट बघत बसता, त्याआधी ‘प्रथम सुर साधे’त किशोरीताई गंधारावर येऊन कशा टेकतात ते परत लावून बघा. भूप आणि देसकार, स्वर तेच पाच, पण भूपाचा जीव गंधारात आणि देसकाराचा धैवतात. तिथे थांबण्यावरच तर राग उभा आहे.

क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाले, ‘अरे वा, वहिनींना गाण्यातलं कळतं की!’

त्या ‘की’चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट मला लख्ख कळली. नावांच्या खेळात मी कायम हरणार होते. तबकड्या त्यांच्या, पैसे त्यांचे, मैफलींना जायला मोकळी संध्याकाळही त्यांचीच. पण ‘इथे बघा, इथे काय झालंय’ म्हटलं की सगळे एका ओळीत येतात. तिथे कुणाकडे किती तबकड्या आहेत याला काडीची किंमत नाही. तुझ्याकडे दोन आहेत ना? दोन पुष्कळ झाल्या. जागा दाखव.

मला लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. ‘त्यांच्याकडे परीक्षा असते.’ एक सद्गृहस्थ तर येणंच बंद झाले, कारण ते दर वेळी ‘निःशब्द’ म्हणायचे आणि मी दर वेळी ‘कुठे?’ विचारायची. अंगावर काटा आला म्हणतात. आला असेल, पण कुठे आला? दंडावर कुठे ते नाही विचारत मी, गाण्यात कुठे? याला कुणी परीक्षा म्हणत असेल तर म्हणो. घरी आलेल्या माणसाचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायचं असेल तर त्याला प्रश्न विचारावा लागतो. मान डोलावून ‘वा वा’ करणं सोपं आहे, त्याला आदर म्हणत नाहीत. आणि ते गृहस्थ नंतर माझ्याबद्दल इतरांशी तासन्‌तास बोलत होते म्हणे, म्हणजे शब्द होते त्यांच्याजवळ.

जाऊ दे. मला खरी हळहळ वेगळीच आहे. माझी मोठी जाऊ ‘शिवकल्याण राजा’ लावून गहू निवडायची. १९७४ ची तबकडी, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाची. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांच्या चाली, मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. मी तेव्हा कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या शास्त्रीय गाण्यात बुडालेली, तिचं ऐकणं मी धरतच नव्हते. पण ‘सरणार कधी रण’ लागलं की तिचा सुपातला हात थांबायचा. सबंध गाणंभर नाही, एकाच ठिकाणी. मी ते रोज बघत होते आणि एकदाही विचारलं नाही की वहिनी, काय असतं तुमचं तिथे? ती गेली. आता मी ते गाणं लावते आणि इथे असेल का, तिथे असेल का, असा अंदाज करत बसते. ज्या बाईला जागा माहीत होती तिलाच मी विचारलं नाही, आणि गंधाराच्या गोष्टी दुसऱ्यांना ऐकवत राहिले.

म्हणून कोण काय ऐकतं यावर हसणाऱ्या माणसांची मला चीड आहे. आणि हसतील या भीतीने लपवणाऱ्यांचीही थोडी आहेच, रागावू नकोस.

आता तुझी यादी. तिच्यात ‘कॉल ऑफ द व्हॅली’ होतं. ऐकलं असतंस तर शनिवारी गप्प बसलीच नसतीस. १९६७ चा तो अल्बम म्हणजे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा सबंध दिवस आहे. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. अहिर भैरव, नट भैरवने दिवस उजाडतो, मग पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. एचएमव्हीमध्ये तो घडवून आणणारे जी. एन. जोशी म्हणजे ‘रानारानात गेली बाई शीळ’वाले आपले भावगीतगायक जोशी. असा अल्बम तू शफलवर लावलास तर मेंढपाळाची रात्र आधी आणि पहाट मागून. क्रमाने ऐक. पुढे सीडी निघाली तेव्हा शेवटी आणखी काही तुकडे चिकटवले गेले. चांगले आहेत, पण दिवस पहाडीला संपलेला असतो. तिथे थांबव, आणि दिवसातला कुठला प्रहर तुला खरा वाटला ते सांग. न वाटलेला सांगितलास तर अधिकच चांगलं. मला स्वतःला पिलूपाशी जरा सैल पडल्यासारखं वाटतं, पण हे आमच्याकडे मोठ्याने बोलायची सोय नाही.

बाकीच्या यादीबद्दल मला काही म्हणायचं नाही. ती फाडून टाक.

राहता राहिला ‘गारवा’. त्याला कुणी हसलं तर त्याला मी बघून घेईन, ती काळजी सोड. पण तू लिहिलंस की गाण्याआधीचं सौमित्रचं कवितावाचन तू पुढे ढकलतेस आणि थेट मिलिंद इंगळेंच्या गाण्यावर येतेस. हे मला अजिबात पटलेलं नाही. त्या वाचनात चाल नाही, साधा बोलण्याचा आवाज आहे. दोन मिनिटं कान बोलण्याला सरावतो, आणि मग पहिला सूर लागतो तेव्हा पाऊस खरंच सुरू झाल्यासारखा वाटतो. ते वाचन कापलंस की उरतात नुसती सुटी गाणी, आणि मग त्यांना ‘कॉलेजातली हळवी गाणी’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं तू स्वतःच खरं करतेस. तुझं उत्तर काय असेल ते मला माहीत आहे, की दहाव्यांदा ऐकताना वाचन लांबतं. कुठे लांबतं? सगळीकडेच लांबतं म्हणू नकोस. पुढच्या शनिवारी ते लावू आणि तू हात वर करून थांबव.

तुझी,
मावशी

ता. क. कॉबचा टोला माझा आहे. तो बैठकीत स्वतःचा म्हणून खपवलास तर सगळ्यांसमोर विचारीन. त्याच अल्बममध्ये तुझी दुसरी शोध, ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये एक-दोन सापडतील.