घरच्या घरी गाडीला सिरॅमिक कोटिंग लावता येते का?

तुम्ही विचारले आहे की दोन वर्षे वापरलेल्या गाडीला घरी स्वतः सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पातळ, पारदर्शक संरक्षक थर) लावता येईल का, आणि बाटलीवर ‘९एच’ असे लिहिलेले असल्यामुळे त्यानंतर ओरखडे पडणे खरोखर थांबेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मी माझ्या गाडीला दोनदा आणि घरातल्या इतरांच्या गाड्यांना काही वेळा हे काम स्वतः केले आहे, आणि त्यासाठी असामान्य कौशल्य लागत नाही, फक्त चिकाटी आणि चांगला उजेड लागतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी आहे आणि ते आधी नीट समजून घेतले, तर पुढची निराशा टळेल.

‘९एच’ हे माप पेन्सिलीच्या चाचणीतले आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात व ठरावीक वजनाखाली पृष्ठभागावरून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उमटतो ते पाहतात. ९एच ही त्या मालिकेतली सर्वांत कठीण पेन्सिल असली, तरी रस्त्यावरच्या धुळीत असणारे गारगोटीचे कण तिच्यापेक्षा पुष्कळच कठीण असतात. शिवाय कोटिंगचा थर साधारण एखाद्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तर त्याखालचा कारखान्यात लावलेला पारदर्शक क्लिअर कोट सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. एवढ्या पातळ थराने उडालेला खडा किंवा धूळभरल्या फडक्याचा घासा अडेल, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. त्यातील सिलिकायुक्त रसायने हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून रंगाला घट्ट चिकटणारे, पाणी झिडकारणारे आवरण तयार करतात. त्यामुळे चिखल व धूळ कमी चिकटते, धुणे सोपे होते, पक्ष्यांची विष्ठा आणि चिरडलेले किडे रंगापर्यंत पोहोचायला थोडा अधिक वेळ लागतो आणि चमक महिनोन्‌महिने टिकते. माझ्या दृष्टीने एवढे लाभ पुरेसे आहेत, पण ते हेच आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. कोटिंग पारदर्शक असते आणि खाली जे असेल ते जसेच्या तसे आत कोंडून ठेवते. म्हणून एकूण वेळेपैकी तीन-चतुर्थांश वेळ पूर्वतयारीत गेला, तर काम योग्य मार्गावर आहे असे समजा. गाडी साध्या शांपूने, एक बादली साबणाची आणि एक खळबळण्याची अशा दोन बादल्या वापरून धुवा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यानंतर चाकांवर आणि दारांच्या खालच्या भागावर लोहकण काढणारे द्रावण फवारा. ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात रुतून बसलेले असतात आणि ते द्रावणात विरघळू लागले की जांभळे ओघळ दिसतात. द्रावण वाळू न देता धुऊन टाका आणि डांबराचे ठिपके असतील तर ते त्यांच्यासाठीच्या द्रावणाने काढा.

यानंतरही रंग गुळगुळीत झाला आहे की नाही हे उघड्या बोटांना नीट कळत नाही. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून ओल्या पत्र्यावरून हलकेच हात फिरवला, तर बारीकसा खरखरीतपणाही स्पष्ट जाणवतो. तो जाणवेल तिथे भरपूर निसरडे द्रावण मारून क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ, मातीसारखा गोळा) फिरवा आणि त्याची बाजू वारंवार दुमडून स्वच्छ भाग वर आणत राहा. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला तर तो टाकून द्या. त्याला चिकटलेला एकच खडा संपूर्ण बॉनेटवर रेघा पाडू शकतो.

दोन वर्षांच्या गाडीवर उन्हात पाहिले असता कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार बारीक ओरखडे दिसतात. ते पॉलिशने काढायचे की तसेच ठेवायचे, हा निर्णय या टप्प्यावर घ्यावा लागतो, कारण पुढे मन बदलले तर पॉलिश करताना कोटिंगही निघून जाईल. माझा सल्ला असा की, फिरता-फिरता डगमगणारे दुहेरी हालचालीचे पॉलिशिंग मशीन, मऊ फोमचा पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन आधी दोन फूट लांब-रुंद भागावर प्रयोग करावा. तेवढ्याने समाधानकारक परिणाम मिळत असेल तर त्याहून तीव्र काहीही वापरू नये. क्लिअर कोट एकदा घासून कमी झाला की तो परत वाढत नाही, आणि कडा व उंचवटे यांवर तो आधीच पातळ असतो, म्हणून तिथे चिकटपट्टी लावून मशीन दूर ठेवावे. खोल ओरखडा, ज्यात नख अडकते, तो पॉलिशने घालवण्याचा हट्ट करू नये. गाडीचा रंग मॅट असेल तर पॉलिश अजिबात करू नये, कारण घासल्याने ठिकठिकाणी चमकदार डाग पडतात. नुकताच रंगवलेला भाग असेल, तर त्यातील द्रावके पूर्ण उडून जाण्यासाठी काही आठवडे थांबावे.

पॉलिशमधले तेल ओरखडे तात्पुरते भरून टाकते आणि कोटिंगला रंगाशी चिकटू देत नाही. म्हणून पॅनेल पुसण्याचे तयार द्रावण किंवा पाण्यात पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन प्रत्येक भाग दोनदा पुसा, दर वेळी फडक्याची स्वच्छ घडी वापरून. हे पुसणे घाईत उरकल्यामुळे वाया गेलेली कोटिंग मी पाहिली आहेत.

जागा सावलीची, धूळ नसलेली आणि शक्यतो बंदिस्त पण हवा खेळती असलेली हवी. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. तापमान साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस असले की काम आरामात होते. त्याहून उष्ण हवेत किंवा फार दमट दिवशी कोटिंग लवकर चिकट होते आणि पुसायला मिळणारा वेळ कमी होतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, द्रावकांच्या वाफांसाठी योग्य मास्क वापरा, घड्याळ व अंगठी काढून ठेवा.

लावण्याची कृती सोपी आहे. फोमच्या ठोकळ्याभोवती मऊ स्वेड कापड गुंडाळा, सुरुवातीला त्यावर दहा-बारा थेंब आणि नंतरच्या प्रत्येक भागासाठी चार-सहा थेंब घ्या. एका वेळी दोन फूट लांब-रुंद भाग पुरे. आधी आडवे, मग उभे असे एकमेकांवर चढणारे हात फिरवा, म्हणजे मध्ये कोरडी जागा उरत नाही. थोड्याच वेळात त्या भागावर पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुष्याचे रंग उमटतात. उष्ण हवेत हे अर्ध्या मिनिटात घडते, थंड हवेत दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून घड्याळापेक्षा पत्र्याकडे लक्ष द्या आणि बाटलीवरील सूचना वाचून ठेवा. रंग उमटून स्थिरावले की आखूड धाग्याच्या मायक्रोफायबर फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने अखेरचा हात फिरवा.

यातला निर्णायक भाग म्हणजे पुसून झाल्यावर पाहणे. पहिल्यांदा मी छताच्या एकाच दिव्याखाली काम केले आणि सर्व काही स्वच्छ दिसले, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटच्या एका बाजूला गडद, ढगाळ पट्टे दिसले. तिथे जादा कोटिंग तसेच वाळून घट्ट झाले होते. ते फडक्याने हलले नाही. तेवढा भाग पुन्हा पॉलिश करून, पुसून, नव्याने लावावा लागला. तेव्हापासून मी हातात बॅटरी धरून प्रत्येक भाग दोन-तीन कोनांतून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. पट्टा थोड्याच वेळात लक्षात आला, तर त्यावर ताज्या कोटिंगचे दोन थेंब फिरवून लगेच पुसल्यास तो बहुधा निघतो. समोरच्या काचेवर मात्र हे कोटिंग लावू नका, कारण वायपर थरथरत सरकू लागतात. काचेसाठी वेगळे कोटिंग मिळते.

काम संपल्यावर निदान २४ तास गाडीला पाणी लागू देऊ नका आणि सुमारे आठवडाभर शांपूने धुऊ नका. या काळात पक्ष्यांची विष्ठा पडली, तर ओल्या मऊ फडक्याने तत्काळ टिपून घ्या. वापरलेली फडकी जपून ठेवण्याचा मोह होतो, पण त्यांत शोषलेले कोटिंग काचेसारखे कडक होते आणि पुढे तीच फडकी रंगावर ओरखडे पाडतात, म्हणून ती टाकूनच द्या. उघडलेल्या बाटलीतला उरलेला भागही हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे तो पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही.

कोटिंग असले तरी पाण्याचे थेंब उन्हात वाळू देऊ नका. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार गोल डागांच्या रूपाने मागे राहतात, आणि थेंब मोत्यासारखे उभे राहत असल्यामुळे ते डाग उलट अधिक ठळक दिसतात. काही महिन्यांनी थेंब बनण्याऐवजी पाणी पसरू लागले, तर कोटिंग संपले असे लगेच मानू नका. बहुतेकदा त्यावर मळाचा आणि क्षारांचा पातळ थर बसलेला असतो. आधी लोहकणांचे द्रावण, मग क्षार काढणारा सौम्य आम्लयुक्त शांपू अशा क्रमाने गाडी धुऊन पाहा. त्यानंतरही कोणत्याच पॅनेलवर थेंब उभे राहिले नाहीत, तरच नवीन बाटली आणा.