भरलेला गॅस जातो कुठे?

प्रश्न : माझी २०१४ची पेट्रोल गाडी आहे. रोज कागलहून कोल्हापूरला येतो-जातो. फेब्रुवारीत एसीचा गॅस भरला, एप्रिलपर्यंत गार हवा आली. परत भरला, तर मे संपायच्या आत पुन्हा तेच. हवा जोरात येते, पण साधी. एसी लावला की बॉनेटखाली टक-टक असा आवाज येतो, दर चार-पाच सेकंदांनी. मेकॅनिक म्हणतोय कॉम्प्रेसर बदलायचा, २२ हजार खर्च. बदलू का? – एक वाचक, कागल

उत्तर : आत्ताच बदलू नका. गॅस भरला की दोन महिने हवा गार येत होती, म्हणजे तेव्हा तरी कॉम्प्रेसर त्याचं काम करत होता. तुमच्या गाडीतून गॅस गळतोय. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस कॉम्प्रेसर दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये पुन्हा वाफ होताना केबिनची उष्णता ओढतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. चार महिन्यांत दोनदा कमी पडला, तर कुठंतरी भोक आहेच.

ती टक-टक म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच लागतो आणि सुटतो. गॅस कमी झाला की प्रेशर पडतं आणि स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, प्रेशर जरा वाढलं की परत लावतो. हे कॉम्प्रेसर वाचवण्यासाठीच असतं, कारण त्याचं वंगणाचं तेल गॅसबरोबरच फिरतं. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत एसीचं बटण दाबू नका, काचा खाली करून या. आज चांगला असलेला कॉम्प्रेसर असाच ओढत राहिलात तर खरंच बसेल.

गळती शोधायची सुरुवात घरीच करा. इंजिन बंद आणि गार असताना टॉर्च घेऊन बॉनेट उघडा. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, त्यामुळे पाइपच्या जोडावर किंवा कंडेन्सरच्या कोपऱ्यात काळपट, चिकट डाग दिसला तर तिथंच संशय घ्या. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं असतो, हायवेवरचे खडे आधी त्यालाच लागतात. आपल्याकडं गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवावी लागते. पाचटाचा भुसा कंडेन्सरच्या पात्यांत असा बसतो की आतलं काही दिसत नाही. तो साध्या पाइपच्या पाण्यानं हळू धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं पाती वाकतात आणि हवा जायची बंद होते.

आणि एक जागा सगळे विसरतात. गॅस भरायच्या तोंडात सायकलच्या ट्यूबसारखा बारीक वॉल्व असतो, वर रबरी रिंग असलेलं झाकण. झाकण हरवलेल्या कितीतरी गाड्या माझ्याकडं येतात. शिवाजी उद्यमनगरात धंदा सुरू केला तेव्हा गडहिंग्लजच्या एका शिक्षकांच्या गाडीत मी चार वेळा गॅस भरला, चारही वेळा पैसे घेतले. पाचव्यांदा साबणाचा फेस लावून बघितलं, तर तो वॉल्वच बुडबुडे सोडत होता. शंभर रुपयांच्या आतली वस्तू. सर काही बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यानंतर गळती सापडल्याशिवाय मी एकाही गाडीत गॅस भरलेला नाही.

डोळ्यांना दिसलं नाही, तर मेकॅनिककडून नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करून घ्या. गेजचा काटा अर्धा तास हलता कामा नये. हवेच्या कॉम्प्रेसरनं टेस्ट करू देऊ नका, त्या हवेत ओल असते. ती ओल आत राहिली तर गॅस कॉइलमध्ये शिरतो त्या बारीक तोंडापाशी बर्फ धरते आणि तेलही खराब करते. याच कारणानं लाइन उघडली की ओल शोषणारा ड्रायर नवा घालायचा आणि गॅस भरण्याआधी निदान अर्धा तास व्हॅक्यूम लावायचा. दहा मिनिटांत 'झालं साहेब' म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या.

गॅस भरताना वजनकाटा मागा. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस कोणता आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. तुमच्या वयाच्या गाडीत बहुधा आर-१३४ए असेल, छोट्या गाडीत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लागतो. शाहू मार्केट यार्डात गुळाचा रवा काट्यावर चढवल्याशिवाय कोण उचलत नाही, मग गॅस अंदाजानं का घ्यायचा? जास्त भरला तरी थंडावा कमीच होतो, वर कॉम्प्रेसरवर ताण येतो. जुना गॅसही हवेत सोडू देऊ नका, मशीनमध्ये ओढून घ्यायला सांगा. एक किलो आर-१३४ए हवेत गेला, तर तो एक टन कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त उष्णता धरतो.

लाइन उघडल्यावर तेलात धातूचा चुरा दिसला किंवा कॉम्प्रेसरमधून खरखर ऐकू आली, तर मात्र तो बदलावाच लागेल. तो चुरा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय २२ हजारांना हो म्हणू नका.

प्रश्न : एसी गार आहे, पण पावसाळ्यात कुबट वास येतो आणि डाव्या सीटच्या पायाशी कार्पेट भिजतं. – एक वाचक, गारगोटी

उत्तर : कॉइलवर जमलेलं पाणी गाडीखाली सोडणारी नळी तुंबली आहे. चिखल किंवा पालापाचोळा अडकला असेल, खालून मऊ तारेनं साफ करून घ्या. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर बदला. घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे कॉइल सुकेल. कार्पेट उचलून उन्हात टाका, नुसतं पुसून वास जाणार नाही.