प्रोबायोटिक जिवाणू जेलच्या मण्यांत कोंडले तर पोटातल्या आम्लातून खरंच वाचतात का?

तुम्हाला बीएस्सीच्या प्रकल्पासाठी लॅक्टोबॅसिलस हे प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणू अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या, जेल होणाऱ्या पदार्थाच्या) मण्यांत कोंडून दह्यात घालायचे आहेत आणि त्याचा उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय.

होतो, पण नुसत्या अल्जिनेटवर विसंबू नका. हे मणी मी प्रयोगशाळेत पुष्कळ पाडलेत, त्यावरून सांगतो.

मणी पाडणं अगदी बुंदी पाडण्यासारखं आहे. सोडियम अल्जिनेटच्या २ टक्के द्रावणात धुतलेलं कल्चर (वाढवलेले जिवाणू) मिसळायचं आणि सिरिंजमधून ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडायचे. कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधतं आणि थेंब जागच्या जागी आवळतो. द्रावण फार घट्ट असलं की मण्याला शेपूट येते, पातळ असलं की तो चपटा होतो. कल्चर दुधात कालवून घेऊ नका. दुधात स्वतःचंच कॅल्शियम असतं, त्यामुळे सिरिंजमध्येच गुठळ्या होतात.

आता मुख्य मुद्दा. हे जेल चाळणीसारखं असतं. जिवाणू त्यातून सहसा बाहेर पडत नाही, पण आम्ल आरामात आत शिरतं. बॅक्टेरिओफेज, म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू, मात्र आम्लाच्या कणापेक्षा आकाराने बराच मोठा, त्याला आत शिरणं अवघड जातं. चीज-दह्याच्या कारखान्यांत फेजमुळे विरजण बसत नाही, तिथे हा गुण फार मोलाचा. पोटातलं आम्ल अडवण्यासाठी मण्यांवर कायटोसानचा (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा) थर द्या. अल्जिनेटवर ऋण भार, कायटोसानवर धन, त्यामुळे तो घट्ट बसतो. आत थोडा स्टार्च किंवा दुधातली प्रथिनं घातली तर आणखी आधार मिळतो.

आकाराचा पेच मात्र सुटत नाही. २-३ मिलिमीटरचा मणी आतल्या जिवाणूंना चांगलं सांभाळतो, पण दह्यात तो साबुदाण्यासारखा जिभेला लागतो. तेलात घुसळून १०० मायक्रॉनच्या आसपासचे मणी करता येतात. ते जिभेला फारसे जाणवत नाहीत, पण संरक्षणही तेवढंच कमी. प्रकल्पात दोन्ही करून तुलना केलीत तर काम खरंच वाचण्याजोगं होईल. दह्यातलं लॅक्टिक आम्ल आणि सायट्रेट हळूहळू कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून मणी आठवड्या-आठवड्याला काढून दाबून बघा.

मोजणीत मी सुरुवातीला फसलो होतो. मणी सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) नुसते चुरडून प्लेटवर लावले, वसाहती जेमतेम आल्या आणि जिवाणू मेले असं मी वहीत लिहूनही टाकलं. मेले नव्हते, जेलच्या तुकड्यांत अडकले होते. मणी आधी सोडियम सायट्रेटमध्ये पूर्ण विरघळवायचे, द्रावण नितळ झालं की मगच पुढची विरलनं (टप्प्याटप्प्याने पातळ करणं) करायची. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात. मोजणीच चुकली तर चांगला मणीही नापास ठरतो.