पानगळ मोजताना काठ आणि उतार वेगळे ठेव

जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात पानगळ मोजायची म्हणतोस, तर आधी वनखात्याची परवानगी काढ आणि गळणारी पानं झेलायच्या जाळ्या दिवाळीआधीच बांध. संक्रांतीनंतर गेलास तर सागाची बरीच पानं खाली आलेली असतात आणि त्यांना वाळवीही लागलेली असते. म्हणूनच जमिनीवरचा पाचोळा तोलून हिशेब लागत नाही. जाळी गुडघाभर उंच हवी, पाणी निथळणारी.

उतारावरचे साग, सालई, अंजन आणि सुकी नावाच्या नदीच्या काठचे अर्जुन, करंज, जांभूळ यांची बेरीज एकत्र करू नकोस. काठाला ओल टिकते, तिथली झाडं उशिरा पानं टाकतात. जांभूळ तर पूर्ण उघडं पडतच नाही. मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

शिवाय नदीच्या पाण्यात पान दोन वाटांनी येतं: थेट वरून आणि उतारावरून वाऱ्याने सरकत. सागाचं वाळकं पान फाल्गुनातल्या वाऱ्यात खरखरत लांबवर जातं. त्यासाठी काठालगत जमिनीला टेकलेली, उताराकडे तोंड असलेली जाळी लाव.

दर पंधरवड्याला जाळ्या रिकाम्या कर. पानं, काड्या, फुलं-फळं वेगळी करून ओव्हनमध्ये ६०-७० अंश सेल्सिअसवर वजन स्थिरावेपर्यंत वाळव, मगच तोल. आणि वणव्याच्या दिवसांत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून जाळून मोकळी केलेली पट्टी) कुठून जाते, ते वनरक्षकाला आधीच विचारून घे.