हजार लिटरची टाकी आणि एप्रिलमधली बाग

प्रश्न : आमचं घर फोंड्याजवळ, मागे छोटं परसू आहे. जुलैत नुसता चिखल आणि मार्चपासून विहीर तळाला. गेल्या उन्हाळ्यात गुलाब गेले, लॉन तर जळूनच गेलं. आता पागोळ्यांचं पाणी धरायला हजार लिटरची टाकी घेतोय, पुरेल का? आणि लावू काय?
– एक वाचक

उत्तर : दादा, टाकी घ्या, पण आधी हिशेब बघा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. समजा तुमचं छप्पर 50 चौरस मीटर, तर 20 मिलिमीटरला टाकी भरून वाहायला लागणार, आणि जुलैत आपल्याकडे एवढा पाऊस कधीकधी सकाळच्या चहापर्यंतच पडून जातो! गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर धरला तर त्याच छपरावर दीड लाख लिटर. आणि डिसेंबर ते मे तेच हजार लिटर पुरवायचे म्हटलं तर दिवसाला साडेपाच लिटर, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. तेवढ्यात आठ-दहा कुंड्या जगतील, अबोली, तुळस वगैरे. लॉनचं नाव काढू नका.

म्हणून टाकीचा ओव्हरफ्लो वाया घालवू नका, विहिरीपासून थोडा लांब खड्डा खणून त्यात चिऱ्यांचे तुकडे, खडी, वर रेती भरा आणि पाईप तिथे सोडा, थेट विहिरीत नको. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी टाकीत घेऊ नका, कौलांवरचं शेवाळ आणि कावळ्यांचा सगळा प्रसाद त्यात असतो (मी घेतलं होतं, पंधरा दिवस वास गेला नाही). तोंडाला बारीक जाळी पाहिजेच, नाहीतर मच्छर पाळल्यासारखं होईल.

आता झाडं. माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात झोपणारी झाडं लावा. फागलां (म्हणजे करटोली), हळद, कळलावी, यांचे कंद जमिनीत पडून राहतात, वरचं सगळं वाळतं आणि पाऊस आला की आपोआप कोंब. पातोळ्यांना हळदीची पानं घरची, गणपतीवर टांगायच्या माटोळीला कळलावीची फुलं घरची. फक्त कळलावी विषारी, लहान मुलं असतील तर कुंपणाबाहेरच बरी. फागल्यात नर-मादी वेल वेगळे असतात, एकच कंद लावून फळाची वाट बघत बसू नका, चार-पाच लावा. कडेला पिटकुळी (लाल फुलांचं झुडूप), अडुळसा, निर्गुडी, जागा असेल तर करवंद; जूनमध्येच लावा, पहिला उन्हाळा थोडं पाणी द्या आणि बुंध्याला पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, जाड घाला, जाळू नका तो. नंतर यांना पाणी फारसं लागत नाही.

एक मात्र करा, कंद लावला तिथे काठी रोवून ठेवा. एप्रिलमध्ये जागा रिकामी दिसली म्हणून मी मिरची लावायला कुदळ मारली आणि फागल्याचे दोन कंद सरळ उभे चिरले.