व्हॅलेटाच्या बंदरात एक दिवस

जहाज माल्टाची राजधानी व्हॅलेटा येथील ग्रँड हार्बर बंदरात लागले की सहलीच्या बसमागे न लागता तुम्ही उभयतांनी धक्क्यावरून चालत बाराक्का लिफ्ट गाठावी. ५८ मीटर उंचीची ही लिफ्ट थेट तटबंदीवरील बागेत नेऊन सोडते. सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या चर्चसाठी मात्र दीड तास राखून ठेवावा, कारण इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ मध्ये रंगवलेल्या संत योहानाच्या शिरच्छेदाच्या चित्रात जखमेतून ओघळलेल्या रक्तातच त्याने आपली सही केली आहे, आणि ती दिसताच आमच्या सौभाग्यवतींनी माझा दंड घट्ट धरला होता. रविवारी हे कॅथेड्रल पर्यटकांसाठी बंद असते. वाटाण्याच्या सारणाची गरम पास्तिझी (आपल्या करंजीची चुलत बहीणच) जरूर खावी. शाकाहारी असाल तर पारीत चरबी नाही ना, हे विचारून घ्यावे. परतीसाठी मोबाइलवर विसंबू नये, हातातले घड्याळ जहाजाच्या वेळेप्रमाणे लावावे.