पिशवीचा बैल उभा का राहत नाही?

प्रश्न : ताई, मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी सहाची. यंदा म्हटलं तान्ह्या पोळ्याला बैल घरीच करू, कागदी पिशवीचा. मोबाईलवर बघून सगळं सामान आणलं, पण धाकट्याने फेविकॉल सांडला, मोठीला कात्री जमेना, शेवटी सगळं मीच केलं आणि मुलं टीव्हीसमोर. वर तो बैल उभाच राहत नाही. काय करू? – एक आई, अकोला

उत्तर : अहो, उभा करायचाच कशाला, बसवा त्याला! कागदाच्या चार पायांवर भरलेली पिशवी तोलणं आपल्यालाही जमत नाही. रवंथ करत बसलेला बैल करा.

आधी पिशवी बघून घ्या. मेडिकलवाला देतो ती चपटी, तिला तळच नसतो, ती ठेवून द्या. बेकरी किंवा मिठाईच्या दुकानातली चौकोनी तळाची खाकी पिशवी हवी, २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आल्यापासून घरोघरी साठलेल्या असतात त्यातलीच एक. (असे तळ आपोआप घडवणाऱ्या मशीनचं पेटंट १८७१ मध्ये अमेरिकेत मार्गारेट नाइट नावाच्या बाईने मिळवलं, आणि त्यासाठी तिला एका माणसाशी भांडावं लागलं कारण त्याने तिचीच आयडिया ढापली होती.)

आता पिशवी आडवी केली की चौकोनी तळ म्हणजे बैलाचं तोंड. रंग भरायचा तो पिशवी चपटी असतानाच, एकदा भरली की कागद फुगतो आणि खडू नीट चालत नाही. मग रद्दीचे बोळे. हे काम पूर्ण धाकट्याचं, पेपर टराटरा फाडायचा, चुरगळायचा, आत कोंबायचा, या वयाला याहून मोठी मजा नाही. पाऊण पिशवी भरली की उघडं टोक पिळून सुतळीने बांधा, झाली शेपूट! तिच्या टोकाला कात्रीने झिरमिळ्या मोठीला करू द्या, सरळ रेषेत कापायचं नसलं की कात्री जमते. शिंगं पुठ्ठ्याची, ती तुम्ही आधीच कापून ठेवा, बेगड मुलं चिकटवतील. झूल जुन्या ब्लाउजपीसची. आणि बुटाच्या खोक्याच्या झाकणावर बसवून दोरी बांधली की लाकडी बैलासारखा ओढत नेता येईल.

फेविकॉलची बाटली मुलांच्या हातात नको, झाकणात थोडासा काढून बोटाने लावू द्या. नाहीतर चमचाभर मैदा अर्धी वाटी पाण्यात कालवून मंद गॅसवर खळ शिजवा, पण जुन्या पद्धतीने त्यात मोरचूद अजिबात घालू नका, ते विषारी असतं. मोरचूद नाही म्हणून खळ दोन-तीन दिवसांत आंबते, थोडीच करा.

प्रश्न : सिनियर केजीला ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’मध्ये पिशवीचा प्राणी न्यायचाय. बाकीच्या मुलांचं आईवडीलच करून देतात, अगदी दुकानातल्यासारखं. आमचं बिचारं वेडंवाकडं दिसेल. – एक बाबा, चिंचवड

उत्तर : दिसू दे की. पाच वर्षांच्या मुलाचं पाच वर्षांच्या मुलासारखंच दिसणार, बाईंनाही ते कळतं.

प्राणी मात्र सोपा निवडा, बेडूक. पिशवी चपटी ठेवली की तळ एका बाजूला दुमडलेला असतो ना, ते वरचं तोंड. हात आत घालून चार बोटं त्या घडीत सरकवली आणि मिटली-उघडली की बेडूक बोलायला लागतो. घडीच्या खाली लाल जीभ चिकटवायची, बंद असताना दिसत नाही, उघडली की लांबलचक बाहेर. डोळे घडीच्या वरच्या कडेला. एकच सांगा त्याला, फेविकॉल घडीच्या आत गेला तर तोंड कायमचं बंद! वाघ, मांजर, डुक्कर याच घडीवर होतात, हत्ती नको, सोंड लोंबते आणि तोंड उघडतच नाही. आणि नमुना करून दाखवू नका, मुलं मग तुमच्यासारखंच करायला बघतात आणि रडतात.

प्रश्न : दीड वर्षाच्या नातीसाठी हलणारे डोळे लावू का? – एक आजी, सांगली

उत्तर : नको आजी. ते निघतात आणि थेट तोंडात जातात, घशात अडकायची भीती. टिकल्या, मणी, घुंगरूही नकोत. काळ्या स्केचपेनने दोन मोठे ठिपके काढा. तेलकट झालेली वडापावची पिशवीसुद्धा घेऊ नका, रंग धरत नाही आणि रात्रीत मुंग्या येतात.